तट, वाटप आणि वाटणी

विजयदुर्गाचा इतिहास सांगू लागणारा प्रत्येक जण तटापासून आरंभ करतो, आणि ते स्वाभाविकच आहे. वाघोटन खाडीच्या मुखाशी, समुद्रात शिरलेल्या खडकावर, एकामागे एक असे तीन तट आणि त्यांतून पुढे आलेले बुरूज ज्याने पाहिले त्याच्या मनावर पहिला ठसा दगडाचाच उमटतो. शिलाहार भोजाच्या काळी पायाभरणी झालेला हा लहानसा कोट शिवछत्रपतींनी वाढविला, बळकट केला. पश्चिमेच्या अंगास पाण्याखाली एक लांबच लांब भिंत आहे, हेही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदले आहे. खाडीत आत गेले म्हणजे खडक कोरून केलेली गोदी लागते. तिची लांबी सुमारे साडेतीनशे फूट. असा हा जागता, सर्व अंगांनी विचारपूर्वक बांधलेला दुर्ग.

परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते तटाविषयी नव्हे, तर तटाच्या आत भार कसा ठेवला जातो त्याविषयी. आजच्या काळी राज्याचा निम्मा कारभार संगणकांच्या जाळ्यावर चालतो. त्या जाळ्यालाही तट आहे, त्याला फायरवॉल म्हणतात. त्या तटामागे कारभार करणारी जी यंत्रे असतात त्यांना सर्व्हर म्हणतात. येणाऱ्या माणसांचा भार अनेक सर्व्हरांवर वाटून देण्याचे काम पुष्कळदा त्या तटाच्या दरवाजावरच सोपविलेले असते. ही व्यवस्था कशी जन्मास आली, कशी लावतात, आणि ती कोठे फसते, हा आमचा विषय. विजयदुर्गाचा इतिहास जवळ ठेवला तर तो समजण्यास फार सोपा होतो, असे आमचे मत आहे.

प्रथम त्या इतिहासाकडेच वळू. कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत मराठ्यांचे आरमार एका ठाण्यावर कधी विसंबले नव्हते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी ठाणी किनाऱ्याच्या लांबीवर पसरली होती. १७२० साली इंग्रजांनी तोफांचा एक तरता मंच बांधून विजयदुर्गावर आणला. तो मोहरा फुकट गेला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले; तेथेही हात हलवीत परतले. १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर प्रयत्न केला, त्याचेही काही चालले नाही. तट बळकट होते हे याचे एक कारण. दुसरे कारण असे की, एका ठाण्यावर घाव बसला तरी उरलेली ठाणी उभी राहात, आणि त्या सर्वांवर हुकूम एकाचा चाले. भार अनेकांवर, पण मसलत एक, अशी ती व्यवस्था होती.

१७२९ साली कान्होजी वारले. सेखोजींच्या मागे, १७३३ नंतर, भावाभावांत तंटा लागला. १७३५ साली कुलाबा मानाजींकडे आणि विजयदुर्ग संभाजींकडे अशी वाटणी पडली. संभाजींच्या पश्चात विजयदुर्ग तुळाजींच्या हाती आला. येथे एका शब्दाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. वाटप आणि वाटणी हे दोन शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात, पण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. वाटपात काम वाटले जाते आणि घर एक राहाते. वाटणीत घरच दोन होते. कान्होजींनी केले ते वाटप, त्यांच्या मागे झाली ती वाटणी.

तिचे फळ पुढे वीस वर्षांनी मिळाले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूस होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. तुळाजींचे आरमार किल्ल्याच्या तोफांच्या छायेत, बंदरात एकमेकांजवळ बांधून ठेवलेले होते. वरवर पाहता याहून सुरक्षित जागा दुसरी कोणती? १२ फेब्रुवारीस एक गोळा त्यांतल्या एका मोठ्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणले होते. ते पेटले, त्याच्या शेजारचे पेटले, आणि पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. तटाचे जे व्हावयाचे ते नंतर झाले. ज्याच्या रक्षणासाठी तट होता ते आधीच राख झाले होते. कुलाब्याची जहाजे काही मदतीस आली नाहीत.

या घटनेवर पेशव्यांना दोष द्यावा की तुळाजींना, हा वाद इतिहासकारांनी भरपूर घातला आहे आणि तो आज आमच्यापुढे नाही. आम्हांला त्यातून तीन गोष्टी हव्या आहेत. तट बळकट असला तरी आतील सारा भार एके जागी बांधलेला असेल तर एक गोळा पुरतो. भार वाटावा, पण घर फोडू नये. आणि दरवाजाचे काम केवळ अडविण्याचे नसून आत काय शाबूत आहे हे जाणण्याचेही असते. या तिन्ही गोष्टी आता संगणकांच्या जाळ्यात पुन्हा भेटतील.

येथे कोणी विचारील की, कोकणातल्या माणसाला याचे काय? त्याला एकच तारीख सांगतो. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला. पंधरा लाखांवर मुले एकाच वेळी एकाच दारावर आली, आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. शहरातल्या मुलाला ही चार घटकांची चीड. पण ज्या गावात टेकडीवर गेल्यावाचून फोनला जाळे मिळत नाही, तेथले मूल दिवसभर त्या टेकडीवर बसते. दाखला, सातबारा, पीकविमा, अकरावीचा प्रवेश ही सारी कामे आज अशाच दारांतून होतात. दार तुंबले तर जो सर्वांत लांबून आलेला असतो तोच सर्वांत आधी परत फिरतो. तेव्हा दारामागचा भार कसा वाटावा हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाही, तो न्यायाचाही आहे.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केला असे मात्र नाही. १८८२ साली मुंबईत टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले तेव्हापासून तो आपल्या दारी आहे. शंभर ग्राहक आणि दहा तारा असतील तर अकराव्याने काय करावे? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ आणि १९१७ साली याचे गणित मांडले. माणसे आपापल्या मर्जीने, एकमेकांस न विचारता फोन करतात. तरी त्या बेशिस्तीतही एक नियम असतो, आणि त्यावरून किती तारा ठेवल्या असता किती माणसे परत फिरतील हे सांगता येते, असे त्याने दाखविले. त्याच्या गणितातून निघणारी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. दहा तारांचा एकच सामायिक गट हा पाच-पाच तारांच्या दोन वेगळ्या गटांपेक्षा अधिक माणसांची सोय करतो. म्हणजे गणितही आमच्याच बाजूने बोलते: वाटप करा, वाटणी नको.

आता तटाकडे येऊ. फायरवॉल हा शब्द मूळचा इमारतींचा. एका घराची आग दुसऱ्यास लागू नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात ती. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंचलित किडा त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो संगणकांत शिरला आणि त्याने ते ठप्प केले. एका यंत्राची आग दुसऱ्यास लागली, तिसऱ्यास लागली. विजयदुर्गाच्या बंदरात घडले तेच. तोपर्यंत जाळ्यावरील लोक एकमेकांवर भरवसा ठेवून वागत होते. त्यानंतर प्रत्येक संस्थेने आपल्या दारावर पहारा बसविण्यास आरंभ केला. प्रथमचा पहारेकरी भोळा होता: आलेल्या प्रत्येक पाकिटावरील पत्ता पाहून आत सोडावे की नाही एवढेच तो ठरवी. पुढे त्याला स्मरण आले. कोणाचे संभाषण कोणाशी चालू आहे याची वही तो ठेवू लागला, आणि त्या वहीत ज्याची नोंद नाही अशा पाकिटाला आत घेईनासा झाला.

भारवाटपाचा जन्म या वहीतूनच झाला, आणि तोही एका टंचाईतून. १९९० नंतर इंटरनेटचे पत्ते कमी पडू लागले. १९९४ च्या मे महिन्यात असा एक प्रस्ताव जाहीर झाला की, संस्थेच्या आत खाजगी पत्ते वापरावेत आणि दरवाजावर त्यांचे बाहेरच्या पत्त्यात भाषांतर करावे. त्याच वर्षी जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल या दोघा अमेरिकनांनी हे काम करणारी पेटी तयार केली. तिला त्यांनी पिक्स असे नाव दिले. कचेरीतल्या खाजगी टेलिफोन एक्स्चेंजचे काम जाळ्याच्या बाबतीत करणारे यंत्र, अशी त्यांची कल्पना होती. बाहेर एक क्रमांक, आत अनेक फोन. हीच ती गोष्ट. पुढे सिस्को कंपनीने त्यांचा उद्योग १९९५ साली विकत घेतला आणि पिक्स हा जगातील अतिपरिचित फायरवॉल झाला.

याच सुमारास दुसरीकडे गर्दीची पीडा सुरू झाली होती. इलिनॉय विद्यापीठातील ज्या केंद्रातून मोझेक हा वेब पाहण्याचा कार्यक्रम बाहेर पडला, तेथील सर्व्हरवर लोकांची झुंबड उडाली. त्यांनी १९९४ च्या सुमारास उपाय काढला तो असा: नाव एकच ठेवावयाचे, पण नावावरून पत्ता विचारणाऱ्यास पाळीपाळीने निरनिराळ्या यंत्रांचे पत्ते सांगावयाचे. युक्ती सोपी आणि चांगली होती, पण तिच्यात एक उणीव होती. पत्ता सांगणाऱ्याला यंत्र जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसे. आणि एकदा सांगितलेला पत्ता लोक आपल्या टिपणात ठेवून देत. यंत्र बंद पडले तरी माणसे त्याच बंद दारावर जात राहात.

तेव्हा दरवाजावर उभा असणारा, वही ठेवणारा, पत्ते बदलण्याची कला अवगत असलेला पहारेकरीच हे काम का करू नये, असा विचार पुढे आला. मेज आणि कॉइल यांनीच पिक्सच्या पाठोपाठ लोकलडायरेक्टर हे भारवाटपाचे यंत्र हाती घेतले, तेही सिस्कोकडून बाजारात आले. ऑगस्ट १९९८ मध्ये श्रीसुरेश आणि गान या दोघांनी पत्त्यांच्या भाषांतरातूनच भार कसा वाटावा याचे टिपण इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजांत प्रसिद्ध केले. त्यानंतर हे काम फायरवॉलच्या कामाशी असे एकजीव झाले की, आज मध्यम आकाराच्या कचेरीतही एकच पेटी दोन्ही कामे करताना आढळते.

ही व्यवस्था लावावयाची कशी, ते आता क्रमाने पाहू. पहिली गोष्ट दर्शनी पत्ता. लोकांना एकच पत्ता माहीत असावा, आणि तो कोणत्याही सर्व्हरचा नसून दरवाजाचा असावा. दुसरी गोष्ट गट. दारामागे तीन, चार, जितकी यंत्रे असतील त्यांचे खाजगी पत्ते एका यादीत लिहावयाचे. तिसरी गोष्ट रीत. पाळीपाळीने द्यावे, का ज्याच्या हातात कमीत कमी काम आहे त्याला द्यावे, का थोर यंत्राला जास्त आणि लहानाला कमी असे वजन लावावे, हे ठरवावयाचे. चौथी गोष्ट परवानगी. दर्शनी पत्त्यावर नेमकी जी सेवा द्यावयाची तिचेच दार उघडावे, बाकीची बंद ठेवावीत. आणि बाहेरच्यास थेट सर्व्हरच्या खाजगी पत्त्यावर जाता येऊ नये. भार वाटण्याच्या उत्साहात तट विसरून चालत नाही.

पाचवी गोष्ट प्रकृतीची तपासणी, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. दर काही सेकंदांनी दरवाजाने प्रत्येक सर्व्हरला हाक मारावयाची. ठरलेल्या वेळा हाक देऊन उत्तर आले नाही तर त्याला यादीतून बाजूस काढावयाचे, आणि तो पुन्हा उत्तर देऊ लागला म्हणजे परत घ्यावयाचे. परंतु हाक कोणती मारावी यात सारे मर्म आहे. नुसते "आहेस का" विचारले तर यंत्र "आहे" म्हणते. कारण यंत्र चालू असते, त्यावरचा कार्यक्रम मात्र मेलेला असतो. दार ठोठावून पाहिले तर दार उघडते. पण आत माहितीकोशाशी संबंध तुटलेला असतो, आणि येणाऱ्यास कोरे पान मिळते. त्याहून वाईट असे की, जो सर्व्हर काम न करता चटकन चुकीचे उत्तर देतो त्याचे हात सदैव रिकामे दिसतात. कमी काम असलेल्यास द्यावे या रीतीने दरवाजा नव्या माणसांना त्याच्याकडेच लोटत राहातो. म्हणून हाक अशी असावी की, तिचे उत्तर द्यावयास खरे काम करावे लागेल. गस्तीच्या शिपायाने बुरुजावर दिवा दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये, आत माणूस जागा आहे का ते विचारावे.

सहावी गोष्ट परतीची वाट. दरवाजाने पाकिटावरील पत्ता बदलून ते आत दिलेले असते. उत्तरही त्याच दरवाजाने बाहेर गेले तरच वहीतील नोंद पाहून मूळ पत्ता परत लावता येतो. सर्व्हरने दुसऱ्या वाटेने उत्तर धाडले तर विचारणाऱ्यास अनोळखी पत्त्यावरून पत्र येते आणि तो ते फेकून देतो. व्यवस्था नवी लावताना सर्व काही बरोबर दिसते आणि तरी काही चालत नाही, अशी जी तक्रार येते तिचे मूळ बहुधा येथे असते. विशेषतः कचेरीतल्याच माणसाने दर्शनी पत्त्यावर जाऊ पाहिले असता असे घडते. सर्व्हर त्याला शेजारी समजून परस्पर उत्तर देतो. बाहेरच्यांना चालते आणि घरच्यांना चालत नाही, असे ते कोडे असते.

सातवी गोष्ट ओळख ठेवण्याची. एखादा माणूस अर्ज भरीत असेल तर त्याचे अर्धे पान एका यंत्राकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे जाऊन चालणार नाही. म्हणून एकदा ज्याच्याकडे पाठविला त्याच्याकडेच त्या माणसाला काही काळ पाठवीत राहावे लागते. पण येथेही एक मेख आहे. हजारो माणसे एकाच मोबाइल कंपनीच्या मोजक्या पत्त्यांमागून येतात. नुसत्या पत्त्यावरून ओळख ठेवली तर ती सारी एकाच सर्व्हरच्या गळ्यात पडतात. उत्तम उपाय असा की, अर्धवट अर्जाची नोंद एकट्या सर्व्हरजवळ न राहाता सर्वांना पाहता येईल अशा जागी असावी. तसे नसेल तर प्रत्येक सर्व्हरचे दप्तर वेगळे होते, एकाला ठाऊक ते दुसऱ्याला नाही. आणि मग ते वाटप राहात नाही, ती आंग्र्यांच्या घरची वाटणी होते.

इतके सारे केले तरी एक प्रश्न उरतो: दरवाजाचेच काय? सर्व्हर चार केले, पण दार एकच आहे. त्याची वही किती पानांची आहे यालाही मर्यादा असते. संभाषणे फार झाली की वही भरते, आणि आत सर्व सर्व्हर ठणठणीत असताना बाहेरच्यास मात्र दार बंद दिसते. अडविण्याचे, वाटण्याचे आणि कित्येकदा गुप्तलेखन उलगडण्याचेही ओझे एकाच पेटीवर घातले म्हणजे हा प्रसंग लवकर येतो. म्हणून दरवाजेही दोन ठेवतात. एक काम करतो, दुसरा त्याच्या वहीची नक्कल क्षणोक्षणी उतरवीत उभा असतो. पहिला पडला की दुसरा दर्शनी पत्ता स्वतःकडे घेतो. मात्र दोघांमधील तारच तुटली आणि प्रत्येकाला दुसरा मेला असे वाटले, तर दोघेही आपणच धनी म्हणून उभे राहातात. एका गादीवर दोन वारस, हा प्रकारही आपल्या इतिहासाला नवा नाही.

दोन असणे म्हणजे निराळे असणे नव्हे, याचा धडा मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घेतला. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि ते दुपारी पावणेचारास पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. अस्थैर्य दोहोंत आले, आणि जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. तुळाजींकडेही जहाज एक नव्हते, पुष्कळ होती. पण ती एकाच दोराने एकाच बंदरात बांधलेली होती. संख्या मोजून सुरक्षितता कळत नाही. एकाला लागलेली आग दुसऱ्यापर्यंत पोचते की नाही, हे पाहिले म्हणजे कळते. दारामागे चार सर्व्हर असतील आणि ते चारही एकाच माहितीकोशातून पाणी भरीत असतील, तर घागरी चार झाल्या तरी विहीर एकच आहे, हे विसरता कामा नये.

या साऱ्याचा नागरिकांनी करावयाचा उपयोग कोणता? आपल्यापैकी फार थोड्यांना कधी फायरवॉल लावावा लागेल. परंतु नगरपालिका, बँक, पतपेढी, शाळा यांच्या सभांना आपण जातो, आणि तेथे नवे यंत्र घेतल्याची वार्ता ऐकून टाळ्या वाजवितो. त्या वेळी तीन प्रश्न विचारण्यास हरकत नाही. एक यंत्र आज दुपारी मुद्दाम बंद केले तर काम चालू राहील काय, आणि तसे करून कोणी पाहिले आहे काय? दरवाजा आपल्या सर्व्हरांना हाक मारतो ती नावाची, की कामाची? आणि सर्वांत जास्त गर्दी केव्हा होणार हे आपणच ठरविलेले असताना, निकालाची वेळ आणि प्रवेशाची शेवटची तारीख आपणच जाहीर केलेली असताना, त्या गर्दीचे गणित आधी मांडले होते काय? एर्लांगला माणसे केव्हा फोन उचलतील हे ठाऊक नव्हते. आपल्याला तर तारीख आणि तासही ठाऊक असतो.

विजयदुर्ग १७५६ नंतरही उभा राहिला. त्याच वर्षी तो पेशव्यांकडे आला, धुळपांच्या हाताखाली तेथून पुन्हा आरमार समुद्रावर गेले, आणि १८१८ पर्यंत तेथे मराठ्यांचे निशाण होते. तट आजही बव्हंशी शाबूत आहेत. तेव्हा दगडाने आपले काम केले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. जे काम दगडाचे नव्हतेच, ते माणसांनी करावयाचे होते: भार वाटणे, वाटूनही घर एक ठेवणे, आणि रोज हाक मारून कोण जागा आहे ते पाहणे. तेवढे काम आजच्या तटांच्या मागेही माणसांनाच करावे लागणार आहे.